वाऱ्यावर सोडलेले काळीज

आमच्या कोकणात छातीत दुखू लागले की माणूस पहिला आळ वाऱ्यावर घेतो. पूर्वीची माणसे 'वायू धरला' म्हणत, आताची 'गॅस झाला' म्हणतात. शब्द बदलला, समज तीच राहिली. आणि एखाद्याचा हात एकाएकी लुळा पडला, तोंड वाकडे झाले, जीभ जड झाली, की त्यालाही आपण 'अंगावरून वारे गेले' असेच म्हणतो. पहिला विकार हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळीचा, दुसरा मेंदूला रक्त पुरवणाऱ्या नळीचा. दोहोंत वाऱ्याचा संबंध कुठेच येत नाही. रक्त पोचायचे थांबलेले असते, एवढीच काय ती हकीकत. पण आपण दोन्ही दुखणी वाऱ्याच्या नावावर घातली आणि माणसे अक्षरशः वाऱ्यावर सोडली. अशा एका माणसाची गोष्ट मी गेली तीसहून अधिक वर्षे मनात ठेवून आहे. ती आज सांगायची आहे, कारण तीत माझाही हात आहे.

३१ मार्च १९९४. मी तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लहान शाखेत अधिकारी होतो. बँकेतल्या माणसाला ३१ मार्च म्हणजे काय ते सांगायला नको. त्या दिवशी घड्याळ भिंतीवर असते इतकेच, त्याच्याकडे बघायचे नसते. आमचे हेड कॅशियर पन्नाशी ओलांडलेले होते. वयाने ते मला थोरले, म्हणून मी त्यांना काका म्हणे. ते मात्र मला साहेबच म्हणत. स्वच्छ धोतरासारखा माणूस. नोट मोजताना त्यांचा अंगठा कधी चुकला नाही. दुपारी चारच्या सुमारास ते माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, ''साहेब, छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखे वाटते आहे. सकाळी आंबोळ्या जरा जास्त झाल्या.'' त्यांच्या कपाळावर घाम होता. मार्च अखेरचा उकाडा. घाम कोणाला नव्हता? शिपायाने कोपऱ्यावरच्या दुकानातून सोडा आणला. त्यांना ढेकर आला. ''बरे वाटते,'' म्हणाले. आम्हा सगळ्यांनाच बरे वाटले.

ज्यांनी बँकेत नोकरी केली नाही त्यांच्यासाठी एक तपशील सांगतो. तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक हेड कॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोघे मिळून उघडायची, दोघे मिळून लावायची. एकट्याने लावता येत नाही. त्या दिवशी रोख रकमेचा मेळ बसेना. चार हजारांची तूट येत होती. काका दोनदा म्हणाले, ''साहेब, घरी जाऊन जरा पडतो.'' मी म्हणालो, ''काका, पंधरा मिनिटे थांबा. तेवढी तिजोरी लावू आणि मग जा.'' ती पंधरा मिनिटे सव्वा तासाची झाली. शेवटी पन्नासच्या नोटांचे एक पाकीट दहाच्या थप्पीत सापडले. ते त्यांनीच शोधून काढले, थरथरत्या हातांनी. आम्ही दोन्ही किल्ल्या फिरवल्या. ते घरी गेले. त्यांचे घर पाखाडीच्या वर, साठ-सत्तर पायऱ्या. रात्री साडेनऊला त्यांचा मुलगा धावत आला तेव्हा मी बाकी रजिस्टरे लिहीत बसलो होतो. आम्ही गेलो तोवर सगळे आटोपले होते. गावातल्या डॉक्टरांनी सांगितले, ''हार्ट अॅटॅक. दुपारपासूनच चालू असणार.''

'दुपारपासून चालू असणार' हे तीन शब्द मला तेव्हा नीट कळले नव्हते. माझी समजूत अशी, की हार्ट अॅटॅक म्हणजे वीज पडावी तसा प्रकार. एक क्षण, आणि माणूस असतो किंवा नसतो. नाटक-सिनेमांनी आपल्याला तेच शिकवले आहे. नायकाचा बाप छातीवर हात ठेवतो आणि खुर्चीत कोसळतो. प्रत्यक्षात तो अनेकदा तासन्‌तास चालणारा प्रसंग असतो, आणि त्यातल्या प्रत्येक मिनिटाला किंमत असते. पुढे वाचत गेलो, डॉक्टर मित्रांना विचारत गेलो, तेव्हा जे समजले ते सांगतो. मी डॉक्टर नाही. पण ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले त्याला हा हिशेब समजायला फार अवघड गेले नाही. तो वेळेवर समजून घेतला नाही, हे दुखणे.

हृदय म्हणजे मुठीएवढ्या आकाराचा, सुमारे तीनशे ग्रॅम वजनाचा एक स्नायू. मिनिटाला सत्तर-बहात्तर वेळा तो आकुंचन पावतो, म्हणजे दिवसाला एक लाखाच्या वर ठोके. मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त तो ढकलतो. दिवसाचे सात हजार लिटर होते. मात्र एवढे रक्त ज्याच्या पोटातून जाते त्याला स्वतःसाठी त्यातून जवळपास काहीच घेता येत नाही. कॅशियरच्या हातातून दिवसाला लाखो रुपये जातात, पण त्याचे घर चालते ते महिन्याच्या पगारावर, तसेच हे. हृदयाचा 'पगार' दोन वेगळ्या रोहिण्यांमधून येतो. महारोहिणीच्या अगदी मुळाशी त्या फुटतात. डावीला लगेच दोन मोठ्या शाखा होतात, म्हणून डॉक्टर तीन नळ्यांची भाषा बोलतात. या नळ्या जाडीने बॉलपेनच्या कांडीएवढ्या. त्यांतली एक बंद झाली, की तिच्यावर जगणारा हृदयाचा तुकडा उपाशी पडतो. वीस-तीस मिनिटांत त्यातल्या पेशी मरू लागतात आणि सहा तासांत त्या तुकड्याचा बराचसा भाग कायमचा जातो. मेलेला हृदयस्नायू पुन्हा उगवत नाही. तिथे व्रण राहतो.

ही नळी बंद का होते? लोकांच्या डोळ्यांसमोर स्वयंपाकघराच्या मोरीचे चित्र असते. तेलकट खाल्ले, चरबी साचली, पाइप तुंबला. हे चित्र अर्धेच खरे. रक्तवाहिनीच्या आत एक अतिशय तलम अस्तर असते. तंबाखू, वाढलेला रक्तदाब, रक्तातली जादा साखर यांनी ते अस्तर खरवडले जाते. मग रक्तातले वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल अस्तराखाली शिरते. शरीराच्या पांढऱ्या पेशी ते गिळायला धावतात आणि गिळता गिळता तिथेच फुगून मरतात. असा वर्षानुवर्षे भिंतीच्या आत एक गळवासारखा थर तयार होतो आणि त्यावर पातळ साय धरते. एखाद्या दिवशी ती साय फाटते. शरीराला वाटते जखम झाली, आणि जखमेवर करावे तेच ते करते. तिथे रक्ताची गुठळी धरते. बोट कापल्यावर जी गुठळी आपला जीव वाचवते, तीच इथे जीव घेते. आणि गंमत अशी, की फाटणारा थर नेहमी सर्वांत मोठा असतो असे नाही. नळी अर्ध्याहून कमी अरुंद असलेल्या माणसालाही झटका येतो. आदल्या महिन्यात 'सगळे नॉर्मल' असा रिपोर्ट आलेला माणूस गेला, की आपण डॉक्टरला दोष देतो. त्यामागे अनेकदा हे कारण असते.

हे सारे किती आधी सुरू होते? कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या तीनशे अमेरिकन सैनिकांच्या हृदयांची तपासणी १९५३ साली प्रसिद्ध झाली. त्यांचे सरासरी वय बावीस. त्यांतल्या शंभरांमागे सत्त्याहत्तरांच्या रोहिण्यांत या रोगाच्या खुणा सापडल्या. बावीस वर्षांची, कवायत करणारी, धडधाकट मुले! आमच्या धंद्यात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. कर्जखाते थकीत म्हणून जाहीर होते तो दिवस एक असतो. ते थकू लागलेले असते त्याच्या कितीतरी आधी. हप्ता दोन दिवस उशिरा येतो, मग आठ दिवस, मग अर्धाच येतो. जाणता अधिकारी तेव्हाच कर्जदाराच्या दारात जाऊन उभा राहतो. अजाणता अधिकारी नोटीस काढायची वेळ येईपर्यंत फाइल मिटून ठेवतो. आपल्या शरीराच्या बाबतीत आपण बहुतेक सगळे अजाणते अधिकारी आहोत.

लवकर येणारे हप्ते कोणते ते आता गुपित राहिलेले नाही. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम नावाच्या गावी १९४८ पासून पाच हजारांवर माणसांची वर्षानुवर्षे तपासणी झाली. उच्च रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांना 'जोखमीचे घटक' म्हणायची रीत तिथूनच पडली. २००४ साली बावन्न देशांतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा, की पहिल्या झटक्याच्या जोखमीपैकी नव्वद टक्के जोखीम अवघ्या नऊ गोष्टींनी सांगता येते. तंबाखू, बिघडलेली रक्तातली चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळे-भाज्यांची आणि व्यायामाची कमतरता या त्यांतल्या मुख्य. त्याच अभ्यासात असेही दिसले, की आपल्या दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका येतो तो साधारण त्रेपन्नाव्या वर्षी. इतर देशांतल्यापेक्षा पाच-सहा वर्षे आधी. आमचे काका त्याच वयाचे होते. मुलाचे शिक्षण व्हायचे असते, मुलीचे लग्न व्हायचे असते, घराचा हप्ता फिटायचा असतो, नेमके तेव्हा हे दुखणे आपल्या घरात शिरते. आज देशातल्या दर चार मृत्यूंमागे एक तरी हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या विकाराने होतो.

'मी सडपातळ आहे, मला काय होणार' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. गडचिरोलीत आदिवासींमध्ये काम करणारे डॉ. अभय बंग यांना १९९५ साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. स्वतः डॉक्टर, त्यातून साधे राहणारे. त्यांनी त्या दुखण्याकडे पाठ फिरवली नाही. आपल्या आहाराचा, सवयींचा आणि मनाचा हिशेब मांडला. 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे त्यांचे पुस्तक मराठी घरांतून आजही वाचले जाते. आणि डॉ. नीतू मांडके? हजारो हृदये ज्यांनी हातात घेऊन दुरुस्त केली, ते मे २००३ मध्ये पंचावन्नाव्या वर्षी हृदयविकारानेच गेले. ही दोन नावे भीती घालायला घेतलेली नाहीत. एवढेच सांगायचे, की ज्ञान, नाव, काम यांतले काहीच या दुखण्याच्या आड येत नाही. ज्याने त्याने स्वतःचे खाते तपासायचे.

रत्नागिरीकरांपुरते बोलायचे तर आपल्या सवयींकडे जरा उघड्या डोळ्यांनी पाहू. आपण मासे खातो, चालतो, डोंगर चढतो, म्हणून आपण सुरक्षित, हा समज आता जुना झाला. पाखाडी चढणारे पाय मोटारसायकलवर बसले. मासे चांगलेच, पण पावसाळ्यात सुके बोंबील, सोडे, खारवलेली मासळी, जोडीला लोणचे, पापड आणि मिरगुंडे, यांत मीठ किती जाते? जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, तोही सगळे धरून. नारळ आपल्या अंगणातला, त्याला शत्रू ठरवायचे कारण नाही. पण त्याच्या तेलातली स्निग्धता बहुतेक संपृक्त असते, तेव्हा ज्याचे कोलेस्टेरॉल वाढले आहे त्याने वाटपाचा हात आखडावा हे बरे. आणि मशेरी! आपल्या कितीतरी आयाबाया सकाळी दातांना मशेरी लावल्याशिवाय कामाला लागत नाहीत. तिला कोणी व्यसन म्हणत नाही, कारण धूर दिसत नाही. तंबाखू ओढणाऱ्याप्रमाणे चघळणाऱ्याच्या हृदयालाही धोका वाढतो. वर सांगितलेल्या अभ्यासाच्या पाहणीत तो दुपटीहून अधिक आढळला होता.

रक्तदाबाचे तर विचारूच नका. तो दुखत नाही, खुपत नाही. १४०/९० च्या वर सतत राहिला तर रोहिण्यांच्या भिंतींना रात्रंदिवस मारा बसत राहतो, आणि माणूस म्हणतो, 'मला काही त्रास नाही.' गोळी सुरू केली की आकडा खाली येतो, आणि आकडा खाली आला की गोळी बंद! माझ्या ओळखीत असे किमान सहाजण आहेत. हप्ते वेळेवर भरतो म्हणून खाते नियमित दिसते. नियमित दिसते म्हणून हप्ते बंद करायचे नसतात. मधुमेहाचीही तीच तऱ्हा. रत्नागिरीत टिळक आळीतल्या घरी जन्मलेल्या लोकमान्यांना मधुमेह होता. त्याच दुखण्यानिशी त्यांनी मंडालेचा तुरुंगवास काढला. त्यांच्या काळी इन्सुलिन नव्हते. ते सापडले १९२१ साली, ते गेल्यानंतर. आपल्याला ते आहे, गोळ्या आहेत, बोटातल्या एका थेंबावर साखर सांगणारे यंत्र आहे. तरी आपण लग्नाच्या पंगतीत 'आज एक दिवस चालते' म्हणतो. मधुमेह रक्तवाहिन्यांबरोबर मज्जातंतूही बधिर करतो. म्हणून मधुमेह्याला झटका येऊनही कधी कधी छातीत दुखत नाही. नुसती धाप लागते, गळून गेल्यासारखे होते. बायकांचेही पुष्कळदा असेच. पाठ भरून येते, जबडा दुखतो, मळमळते, आणि 'दमले असेन' म्हणून ती चुलीपुढे उभी राहते. तिची चौकशी घरात सगळ्यांच्या शेवटी होते.

आता मला सर्वांत जास्त बोचणारी गोष्ट. १९८८ साली एका प्रचंड अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले होते. झटका आलेल्या सतरा हजारांवर रुग्णांचा तो अभ्यास. साध्या अॅस्पिरिनने मृत्यू सुमारे पावपट कमी झाले. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनने तेवढेच. दोन्ही मिळून दिली तर चाळीस टक्क्यांहून अधिक. म्हणजे आमच्या ३१ मार्चच्या सहा वर्षे आधी हे जगाला ठाऊक होते. आमच्या शाखेत, माझ्या टेबलाच्या उजव्या खणात, डोकेदुखीवरच्या अॅस्पिरिनच्या गोळ्यांची पट्टी होती. मी काकांना सोडा दिला. गोळी खणातच राहिली. आणि डॉक्टरकडे धाडायचे सोडून मी त्यांना नोटा मोजायला लावल्या.

मला स्वतःला झटका आला तो २०१८ च्या नोव्हेंबरात. निवृत्तीनंतर मी गावच्या घरी एक कादंबरी पुरी करत होतो. सकाळी विहिरीवरून वर येताना जबडा आवळल्यासारखा झाला, डावा दंड जड, आणि थंडीच्या दिवसांत सदरा भिजला. पायरीवर बसलो. इतके वाचलेला, इतके ठाऊक असलेला मी बायकोला काय म्हणालो? ''पित्त असेल. रात्री जागरण झाले. जरा पडतो, एवढे प्रकरण संपवतो, मग बघू.'' ती काही क्षण माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, ''अहो, तिजोरी लावायची राहिली आहे का?''

तिला काकांची गोष्ट ठाऊक होती. तिच्याखेरीज कोणालाच नव्हती. मी गप्प झालो. तिने शेजारच्या मुलांना हाक मारली. माझ्या चालण्यावर तिने बंदी घातली. चौघांनी मला खुर्चीत बसवून पाखाडी उतरवली. वाटेत फोनवर डॉक्टरांनी विचारून अॅस्पिरिन चघळायला सांगितली. दवाखान्यात कार्डिओग्राम निघाला. त्यावरच्या रेघा पाहून डॉक्टरांचा चेहरा बदलला, पण हात थांबले नाहीत. दुखू लागल्यापासून दीड तासाच्या आत गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन माझ्या शिरेत होते. मग रुग्णवाहिकेतून हातखंबा, आंबा घाट, कोल्हापूर. सुमारे एकशेतीस किलोमीटर. दुसऱ्या दिवशी मनगटातून तार घालून अरुंद जागी एक जाळीची नळी बसवली. पाचव्या दिवशी मी घरी. १९७७ साली झुरिकमध्ये अँड्रियास ग्रुंटझिग नावाच्या डॉक्टरने जागत्या माणसाच्या रोहिणीत पहिल्यांदा फुगा फुगवला, त्याचे माझ्यावर केवढे ऋण! पण खरे सांगायचे तर त्याच्याहून मोठे ऋण त्या एका प्रश्नाचे. तो विचारला गेला नसता तर मी ते प्रकरण पुरे करायला बसलो असतो.

तेव्हा लक्षात ठेवायचे ते थोडकेच आहे. छातीत मध्यभागी दाब, आवळणे, जळजळ. ती खांद्यात, हातात, जबड्यात, पाठीत पसरणे. घाम, धाप, मळमळ. यांतले काही पंधरा-वीस मिनिटांत गेले नाही, तर तो गॅस आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही, शेजाऱ्याला नाही, औषधाच्या दुकानदारालाही नाही. तो कार्डिओग्रामला आहे. रुग्णाला चालवायचे नाही, जिना किंवा पाखाडी चढवायची नाही, त्याने स्वतः गाडी चालवायची नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, ती बोलवावी. अॅस्पिरिनची गोळी डॉक्टरांना विचारून चघळावी. मात्र ज्याचे तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, त्याला ती आपल्या मनाने देऊ नये, कारण मेंदूत रक्तस्राव असेल तर ती घात करील. अशा रुग्णाच्या मेंदूतली गुठळी विरघळवायचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्याआधी मेंदूचा स्कॅन लागतो. म्हणून त्याला अंगारे-धुपारे, मालिश यांत अडकवू नये. आणि कोणी कोसळलाच, श्वास नाही, हाक ऐकत नाही, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, पाच सेंटिमीटर खोल दाबत राहावे. मदत येईपर्यंत थांबू नये. शाळेतल्या मुलाला हे एका दुपारी शिकवता येते.

दुसरीकडे, भीतीचा बाजार मांडणारेही कमी नाहीत. 'बिनऑपरेशन ब्लॉकेज उघडणारे' काढे आणि तेले यांच्या जाहिराती खेड्यापाड्यांत पोचल्या आहेत. त्यांपायी हाताशी असलेली खरी औषधे बंद पडतात. उलट, प्रत्येक अरुंद नळीत जाळी बसवलीच पाहिजे असेही नाही. झटका चालू असताना ती जीव वाचवते. पण ज्याचे दुखणे स्थिर आहे, त्याच्या बाबतीत नीट औषधे घेणाऱ्यापेक्षा जाळीने आयुष्य वाढते असे २००७ च्या आणि पुढे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत दिसले नाही. तेव्हा 'आज रात्रीच करायला हवे का?' हा प्रश्न डॉक्टरांना आदराने पण स्पष्टपणे विचारावा. सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये जाळीच्या किमतीवर मर्यादा घातली. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास आहेत. हे कागद घरात आधीच तयार असले पाहिजेत. आग लागल्यावर विमा काढता येत नाही, हे मी कितीतरी कर्जदारांना सांगितले आहे.

एक मागणी मात्र आपल्या सर्वांची असायला हवी. २०२३ साली रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही मोठी गोष्ट. पण झटका महाविद्यालयाच्या दारात येत नाही. तो येतो वाडीवर, पावसात, रात्री दोन वाजता. घरात दोन म्हातारी माणसे आणि मुलगे मुंबईला. आमच्या जिल्ह्याचे खरे दुखणे हे अंतर आहे. म्हणून प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात चोवीस तास कार्डिओग्राम निघाला पाहिजे, त्याचे चित्र मोबाइलवर तज्ज्ञाला तत्काळ दिसले पाहिजे, आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथल्याच कपाटात असले पाहिजे. घाटापलीकडे पोचेपर्यंत हृदय थांबत नाही. आणि हे होईपर्यंत वाडीने आपले आपण काही करावे. पाखाडी उतरवायला एक घडीची डोली, गाडी असलेल्या चार तरुणांचे फोन नंबर, कोणाला काय औषध चालू आहे याची एक वही. गणपतीला मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांनी मंडपाच्या रोषणाईतले थोडे पैसे यासाठी काढले, तर गणपतीबाप्पा रागावणार नाही. घरी आलात की आई-बापांचा रक्तदाबही मोजून जा. नुसता आंबा घेऊन जाऊ नका.

काकांचा मुलगा आज स्वतः पन्नाशीला आला आहे. रस्त्यात भेटला की वाकून नमस्कार करतो, म्हणतो, ''बाबा तुमचे नाव फार घेत.'' त्या दिवशी त्यांनी दोनदा घरी जाऊ का म्हणून विचारले होते, हे मी त्याला किंवा त्याच्या आईला कधी सांगितले नाही. सांगायला धीर झाला नाही. ती माउली दोन वर्षांपूर्वी गेली. गेल्या आठवड्यात मी त्याच्या घरी गेलो, पाखाडीच्या साठ-सत्तर पायऱ्या सावकाश चढून, आणि सगळे सांगितले. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ''काका, तुम्हाला तरी तेव्हा कुठे ठाऊक होते?'' मला त्याने पहिल्यांदाच काका म्हटले. मी त्याला विचारले, ''तू रक्तदाब कधी तपासलास?'' तो म्हणाला, ''मला काही त्रास नाही.'' दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला घेऊन दवाखान्यात गेलो. आकडा १६४/१०२ होता. आता त्याची गोळी सुरू आहे, आणि ती बंद करू नकोस असे सांगायला मी दर महिन्याला जाणार आहे.

त्या दिवशी तिजोरी उघडी राहिली असती तर मला फार तर एक मेमो मिळाला असता. ते चार हजार दुसऱ्या दिवशीही सापडले असते.